रेकॉर्ड जास्त अचूक की डिजिटल? दोन मित्र दोन गोष्टी सांगतात

नवी_सुई

मंडळी नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. सहा महिन्यांपूर्वी टर्नटेबल घेतलं, बेल्टवर चालणारं, सुई साधी गोल टोकाची. एक जुना अल्बम रेकॉर्डवर मिळाला, सत्तरच्या दशकाच्या शेवटी छापलेली प्रत आहे, आणि तोच अल्बम मी गेली कित्येक वर्षं स्ट्रीमिंगवर ऐकत आलोय. रेकॉर्ड लावली आणि खरं सांगतो, पहिली बाजू संपेपर्यंत तसाच उभा राहिलो. ड्रमचा ठोका ठोक्यासारखा अंगावर येत होता, गाणाऱ्याच्या आवाजाभोवती मोकळी जागा होती, फाइलवर सगळी वाद्यं एकमेकांवर दाबून बसवल्यासारखी वाटतात तसं अजिबात नव्हतं.

आता माझा एक मित्र म्हणतो यात नवल काय, रेकॉर्डवर आवाजाची अख्खी लाट कोरलेली असते आणि डिजिटलमध्ये तिचे सेकंदाला ४४,१०० तुकडे करतात, दोन तुकड्यांच्या मधलं जे असतं ते गेलंच, ते कुणी परत आणू शकत नाही. दुसरा मित्र इलेक्ट्रॉनिक्सवाला, तो म्हणतो हे साफ चुकीचं आहे, मोजायला बसलास तर रेकॉर्ड सीडीच्या जवळपासही येत नाही. दोघंही ठासून बोलतात आणि ऐकताना मला दोघांचंही पटतं, हीच अडचण आहे.

आवडीचं विचारत नाहीये, माझी आवड मला माहितीये. विचारायचं एवढंच की स्टुडिओतून जे मास्टर, म्हणजे छपाईआधीचं शेवटचं पक्कं मुद्रण, बाहेर पडलं त्याच्याशी जास्त प्रामाणिक कोण, रेकॉर्ड की डिजिटल? आणि डिजिटल असेल तर मग मला जे ऐकू आलं ते काय होतं?

कानसेन

तुझा पहिला मित्र बरोबर आहे असं माझं मत. मी चाळीस वर्षं रेकॉर्डच ऐकत आलोय. आवाज म्हणजे हवेतली सलग हालचाल, ती हालचाल खाचेत सलग उतरते, सुई ती सलग वाचते, मधे कुणी आकडे घालत नाही. सीडी १९८२ मध्ये आली तेव्हा मी पण हौसेने ऐकली होती आणि व्हायोलिन ऐकून दात शिवशिवले होते, अर्ध्या तासात कान थकायचे. रेकॉर्डवर मी रात्रभर ऐकू शकतो. शिवाय सीडी २० किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २० हजार कंपनांच्या, थोडं वर गेली की कापून टाकते, रेकॉर्डवर त्याच्या वरचंही असतं. कान थकत नाहीत याचा अर्थ काहीतरी बरोबर चाललंय असाच मी घेतो.

शून्य_डेसिबल

कानसेन, तुमच्या कानांबद्दल मला काही म्हणायचं नाही, तुम्ही जे ऐकलंत ते ऐकलंत. पण ती तुकड्यांची गोष्ट चुकीची आहे आणि इतकी पसरलीये की एकदा नीट सांगायलाच हवी.

आपण सगळ्यांनी ते चित्र पाहिलंय, एक गुळगुळीत लाट आणि तिच्यावर पायऱ्या पायऱ्यांची डिजिटल लाट. चुकीचा समज त्या चित्रातच आहे. सॅम्पल ही पायरी नसते, ठिपका असतो. अमुक क्षणी लाटेची उंची एवढी होती, बस, एवढंच तो सांगतो. शाळेत शिकलो ना की दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, मग त्या दोन बिंदूंच्या मधली रेषा हरवली असं कुणी म्हणत नाही कारण ती कुठून जाणार हे ठरलेलंच असतं. इथेही तसंच आहे. लाटेत एका मर्यादेच्या वरची कंपनं नसतील, आणि त्या मर्यादेच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने ठिपके घेतले असतील, तर त्या ठिपक्यांतून जाणारी लाट एकच असते. नायक्विस्टचं १९२८ चं काम, मग १९३३ मध्ये कोटेल्निकोव्ह आणि १९४९ मध्ये शॅनन यांनी हे गणिताने पक्कं केलंय. डॅकच्या, म्हणजे आकड्यांचा परत आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरच्या, आत क्षणभर पायऱ्या तयार झाल्या तरी पुढचा फिल्टर त्या काढतो आणि बाहेर तीच एक लाट येते, अंदाजाने मधलं भरण्याचा प्रश्नच येत नाही.

डोळ्यांनी बघायचं असेल तर ख्रिस माँटगोमेरी, ज्याने ऑग व्हॉर्बिस हा ऑडिओ फाइलचा प्रकार बनवला, त्याचं २०१३ चं प्रात्यक्षिक शोधून बघा. जुन्या ॲनालॉग जनरेटरमधून सूर काढतो, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे सीडीच्याच मापात, डिजिटल करतो (१६ बिट म्हणजे प्रत्येक ठिपक्याची उंची शून्य-एकच्या १६ अंकांत लिहायची), परत ॲनालॉग करतो आणि जुन्या ॲनालॉग ऑसिलोस्कोपवर, म्हणजे लाट पडद्यावर काढणाऱ्या यंत्रावर, दाखवतो. २० किलोहर्ट्झच्या सुरात एका आवर्तनाला जेमतेम दोन ठिपके येतात, तरी पडद्यावर स्वच्छ गोलाईची लाट दिसते. एकही पायरी नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही विश्वास बसला नव्हता, मग घरी करून बघितलं, तेच आलं.

कुणी म्हणेल की ठिपके २२ मायक्रोसेकंदांनी पडतात मग त्यापेक्षा बारीक वेळेचा फरक जाणार. तेही होत नाही, ठोका दोन ठिपक्यांच्या मधे पडला तर दोन्ही बाजूंच्या ठिपक्यांची उंची बदलते आणि परत बनलेल्या लाटेत ठोका बरोबर जागच्या जागी येतो. १६ बिटला वेळेतली ही बारकाई नॅनोसेकंदाच्याही खाली जाते.

मग डिजिटलमध्ये हरवतं तरी काय? सीडीवर दोनच गोष्टी. साधारण २० ते २२ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं जातं, आणि अगदी तळाला थोडा नॉइज येतो. १६ बिटला हा तळ सगळ्यात मोठ्या आवाजाच्या ९६ डेसिबल खाली असतो. आणि तिथेही, बिट कमी करताना अगदी बारीक, कुठलाही क्रम नसलेला नॉइज मुद्दाम मिसळतात, त्याला डिदर म्हणतात, त्यामुळे आकडा गोळाबेरीज केल्याची चूक संगीताला चिकटून कर्कश होत नाही, नुसती सारखी सळसळ होऊन बसते, आणि १६ बिटांत मोजता येणाऱ्या सगळ्यात लहान फरकापेक्षाही हळू आवाज त्या सळसळीखाली ऐकू येत राहतात. धुक्यातून दिवा दिसावा तसे.

फार चांगल्या छपाईच्या रेकॉर्डला हेच अंतर साधारण ६० ते ७० डेसिबल मिळतं. एका बिटला ६ डेसिबल धरा, म्हणजे दहा ते साडेअकरा बिटांच्या आसपास.

लॅकर_आणि_लेथ

नवी_सुई, मी बरीच वर्षं रेकॉर्ड कटिंगच्या लेथवर, म्हणजे छपाईच्या मूळ तबकडीवर खाच कोरणाऱ्या यंत्रावर, काम केलंय, म्हणून रेकॉर्डच्या बाजूने बोलायचा हक्क माझाही आहे, पण तू अचूकता विचारलीस म्हणून जे रोज बघितलं तेच सांगतो. आमच्याकडे अचूकतेचा अर्थ साधा होता, मास्टर इकडून दिलं, तिकडे काय आलं, दोन्हींत फरक किती.

ॲल्युमिनियमच्या तबकडीवर लॅकरचा चकचकीत थर असतो, त्यावर तापवलेली नीलम किंवा माणकाची सुई उतरते आणि केसासारखा काळा धागा निघत जातो, तो लगेच नळीने ओढून घ्यायचा, नाहीतर सुईखाली आला की अख्खी बाजू वाया. मग सूक्ष्मदर्शकातून खाच बघायची. त्या वळणदार खाचा पहिल्यांदा बघितल्या तेव्हा माझा श्वास अडकला होता, हे मनापासून सांगतो, संगीत असं डोळ्याला दिसतं हे अजूनही मला थोर वाटतं.

पण त्या खाचेत मास्टर जसंच्या तसं कधीच जात नाही. बेस तसाच कापला तर खाच इतकी रुंद डोलते की एका बाजूवर दहा मिनिटंही मावणार नाहीत, आणि ट्रेबल तसाच कापला तर तो पृष्ठभागाच्या खरखरीत बुडतो. म्हणून कापताना बेस उतरवायचा आणि ट्रेबल चढवायचा, १९५४ पासून आरआयएएचा, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचा, वक्र ठरलेला आहे, २० हर्ट्झला साधारण २० डेसिबल खाली आणि २० किलोहर्ट्झला जवळपास तेवढाच वर. तुझा फोनो प्रीॲम्प, म्हणजे सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा, हे सगळं उलटं करून सरळ करतो. आता दोन प्रीॲम्पच्या भागांत थोडा फरक असला तरी आवाजाचा रंग बदलतो. म्हणजे 'मधे कुणी काही घालत नाही' असं नाहीये कानसेनदादा, सगळ्यात मोठी उलथापालथ तर तिथेच होते.

दुसरं, स्टीरिओ. खाचेच्या दोन भिंतींवर दोन चॅनेल असतात, आणि डाव्या उजव्या स्पीकरमध्ये उलटसुलट बेस आला की खाच खोल उथळ व्हायला लागते, मग सुई उडते. म्हणून खालचा बेस, साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या खालचा, आम्ही मोनो करून टाकायचो. गायिकेचे स, श फार टोकदार असले की तेही दाबायचे, नाहीतर घरच्या सुईवर त्याची थुंकी उडाल्यासारखी फुसफुस होते. हे सगळं आम्ही काळजीने करायचो, कधी एका 'स' साठी अर्धा दिवस घालवलाय, पण हे मास्टरपासून लांब जाणंच आहे.

आणि सगळ्यात दुखणारी जागा म्हणजे आतल्या खाचा. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरेच फिरते, मग बाहेरच्या काठाशी सुईखालून सेकंदाला जवळपास ५१ सेंटीमीटर खाच जाते आणि लेबलजवळ फक्त २१. म्हणजे १० किलोहर्ट्झची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते, आत आली की २१ मायक्रॉन. तुझ्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन असणार. आता तूच बघ, एवढं टोक एवढ्याशा वळणात मावणार कसं? ते वळणात उतरतच नाही, वरच्या वर घसरत जातं. म्हणून प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजा मऊ आणि फाटक्या येतात. लंबवर्तुळाकार किंवा शिबाटासारखं बारीक टोक घेतलंस तर फरक पडतो, पण पहिलं गाणं आणि शेवटचं गाणं एका दर्जाचं कधीच होत नाही. याच कारणाने हळुवार गाणी बाजूच्या शेवटी ठेवा असं आम्ही सांगायचो. सीडीचा पहिला सेकंद आणि शेवटचा सेकंद सारखाच असतो.

एक जुन्या कामाची आठवण सांगतो. शांत जागेनंतर एकदम मोठा आवाज येणार असेल तर कधी कधी तो आवाज अगदी पुसट, भुतासारखा, आधीच ऐकू येतो. बरोबर १.८ सेकंद आधी. एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात, शेजारच्या खाचेच्या भिंतीचा दाब या खाचेत उतरलेला असतो. एकदा कानाला लागला की अनेक रेकॉर्डवर ऐकू येतो.

फेज_बदल

थोडक्यात भर घालतो. २० किलोहर्ट्झच्या वरचं रेकॉर्डवर असू शकतं हे खरं आहे, सत्तरच्या दशकातल्या चार चॅनेलच्या सीडी-४ रेकॉर्डवर ३० किलोहर्ट्झचा कॅरियर, म्हणजे जादा चॅनेलची माहिती वाहून नेणारा सूर, कोरलेला असायचा, शिबाटा सुई त्यासाठीच निघाली. पण साध्या सुईने वाजवत राहिलं की तो भाग घासून जायचा. आणि मोठ्या माणसाला २० किलोहर्ट्झ ऐकूच येत नाही, चाळिशीनंतर तर १५ सुद्धा अवघड. जे ऐकू येत नाही आणि वाजवून वाजवून झिजतं त्याला अचूकतेच्या हिशोबात किती धरायचं?

नवी_सुई, एक विचारायचं राहिलं, तुझ्या ॲपमध्ये क्वालिटी कशावर आहे? डेटा वाचवायच्या सेटिंगवर असेल तर तू सीडीशी तुलना करतच नाहीयेस. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट असतो.

नवी_सुई

सेटिंग तपासली, लॉसलेसवरच आहे, म्हणजे काही न गाळता, त्यामुळे ते कारण नाही. लॅकर_आणि_लेथ, तुमचं उत्तर दोनदा वाचलं, काल रात्री बाजूचं शेवटचं गाणं लावून बसलो आणि झांजांचं तुम्ही म्हणता ते लगेच कळलं, इतके दिवस कसं कळलं नाही.

ठीक आहे, माध्यम म्हणून डिजिटल पुढे आहे हे मानलं. पण मग माझा दुसरा प्रश्न तसाच उभा राहतो ना. एवढे दोष असलेल्या माध्यमातून ड्रम जास्त खरा का वाटावा? मला भास झाला असं कुणी म्हणू नका प्लीज, बायकोला न सांगता दोन्ही लावले, तिनेही रेकॉर्डच निवडली.

शून्य_डेसिबल

भास नाही, तुम्ही दोघांनीही बरोबर ऐकलंत असं मला वाटतं. फक्त दोष ज्याच्यावर टाकला तो वेगळाच आहे.

तू दोन माध्यमं ताडून बघितलीच नाहीस, दोन वेगळी मास्टर्स बघितलीस. तुझी रेकॉर्ड सत्तरच्या दशकातली, तिचं कटिंग तेव्हाच्या टेपवरून झालेलं. स्ट्रीमिंगवर बहुतेक करून नंतरचं रीमास्टर, म्हणजे जुन्या मुद्रणावरून नव्याने केलेलं मास्टर, असतं. नव्वदीपासून पुढे प्रत्येकाला आपलं गाणं दुसऱ्यापेक्षा मोठं ऐकू यायला हवं होतं, मग लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीच्या वरचा आवाज दाबणारं साधन, लावून ड्रमची टोकं छाटायची आणि सगळंच वर ढकलायचं. ठोका मोठा का वाटतो, तर त्याच्या आजूबाजूचं लहान असतं म्हणून. आजूबाजूचं त्याच्याएवढंच मोठं केलं की ठोका राहतच नाही. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो, कारण ९६ डेसिबलची जागा हातात असताना वरच्या पाच-सहा डेसिबलमध्ये सगळं कोंबलं गेलं, आणि नाव खराब झालं डिजिटलचं. मेटॅलिका बँडच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बमचं प्रकरण प्रसिद्धच आहे, सीडीवर आवाज फाटलेला आणि तीच गाणी गिटार हीरो या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली मिळाली. दोन्ही डिजिटलच!

पण एक सापळा सांगून ठेवतो. बरेच जण रेकॉर्ड कॉम्प्युटरवर मुद्रित करतात, डायनॅमिक रेंजचा, म्हणजे मोठ्या आणि हळू आवाजातल्या अंतराचा, मीटर लावतात, रेकॉर्डचा आकडा मोठा आला की म्हणतात बघा, रेकॉर्डचं मास्टर चांगलं आहे. तसं नसतं. अगदी तीच दाबलेली फाइल रेकॉर्डवर कापली तरी कटिंगमधल्या फिल्टर्समुळे लाटेचे भाग मागेपुढे सरकतात, सपाट छाटलेली टोकं परत वाकडीतिकडी उंच होतात आणि मीटर फसतो. छाटलेला ठोका परत आलेला नसतो.

आता खरी कसोटी. माध्यमाचा निकाल लावायचा तर मास्टर एकच हवं, आणि ते तुझ्या घरीच आहे, ती रेकॉर्ड. फोनो प्रीॲम्पच्या आउटपुटला दोन फाटे काढ. एक सरळ ॲम्प्लिफायरच्या एका इनपुटला. दुसरा कॉम्प्युटरला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसमध्ये, तिथे १६ बिट ४४.१ ला डिजिटल करून लगेच परत ॲनालॉग, आणि तो ॲम्प्लिफायरच्या दुसऱ्या इनपुटला. रेकॉर्ड वाजत असताना दुसऱ्या कुणालातरी इनपुट बदलायला सांग, तुला दिसणार नाही असं. डिजिटलने खरंच काही हिरावून घेतलं तर रेकॉर्डची जादू दुसऱ्या इनपुटवर नाहीशी व्हायला हवी.

आवाजाची पातळी मात्र आधी सारखी कर, टेस्ट रेकॉर्डवरचा १ किलोहर्ट्झचा सूर लाव आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरून दोन्ही इनपुटला व्होल्टेज एक टक्क्याच्या आत आण. अर्धा डेसिबल फरक राहिला तरी कान मोठ्यालाच चांगलं म्हणतो, मोठं आहे असं कळत नाही, चांगलं आहे असंच वाटतं. १६ वेळा कर, १२ किंवा जास्त बरोबर आले तर फरक ऐकू येतो असं मान.

मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये हाच प्रकार सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या एसएसीडी तबकड्या वगैरेंवर केला होता, मधे १६ बिट ४४.१ चा फेरा घालून. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर. नाणं उडवलं तरी एवढीच आली असती. आणि २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचं उघड झालं की ज्या रेकॉर्ड लोक ॲनालॉगचा उत्तम नमुना म्हणून जपत होते त्यातल्या अनेकांच्या मधे डीएसडी (एसएसीडीवर असतो तो डिजिटल प्रकार) फाइलचा टप्पा होता. अमेरिकेत त्यावरून दावाही झाला. पण इतकी वर्षं ते कुणी कानाने पकडलं नव्हतं.

लॅकर_आणि_लेथ

यात एक भर. हे काही आजचं नाही. लेथला पुढे काय येणार हे आधी कळावं लागतं, मोठा बेस येणार असेल तर शेजारची खाच लांब सरकवायला वेळ हवा. टेपच्या यंत्रावर त्यासाठी टेप थोडी आधी वाचणारा एक जादा हेड असायचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याच्या जागी डिजिटल डिले यायला लागले, संगीत आधी लेथच्या मेंदूला आणि मग थोडं थांबून, डिजिटलमधून फिरून, सुईला. डेनॉनने तर १९७२ पासूनच १३ बिटांत मुद्रण करून त्याच्या रेकॉर्ड काढल्या होत्या. ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी रेकॉर्ड अशा आहेत ज्यांत आकडे मधे येऊन गेलेत.

कानसेन

दोन दिवस काही लिहिलं नाही, वाचत होतो आणि विचार करत होतो.

ठिपक्यांचं पटलं. माँटगोमेरीचं ते प्रात्यक्षिक बघितलं, २० किलोहर्ट्झचा सूर पडद्यावर आला तेव्हा थांबवून परत बघितलं. इतकी वर्षं मी लोकांना पायऱ्यांचं चित्र काढून दाखवत आलोय, ते आता दाखवणार नाही. शून्य_डेसिबल म्हणतात त्या रेकॉर्डपैकी काही माझ्याकडे आहेत, त्या मला तेव्हाही उत्तम वाटायच्या आणि आजही वाटतात, मधे डिजिटल होतं हे कळल्यावर त्यांचा आवाज काही बदलला नाही.

पण सुरुवातीच्या सीडीबद्दल मी जे म्हणालो ते सोडत नाही. ते माझ्या कानाचे चोचले नव्हते.

शून्य_डेसिबल

सोडूही नका, त्यात तथ्य आहे. तेव्हाच्या बऱ्याच प्लेअरमध्ये २० किलोहर्ट्झच्या लगेच वर एकदम कापणारे ॲनालॉग फिल्टर होते, ते फेज, म्हणजे वेगवेगळ्या सुरांच्या लाटांची एकमेकांशी असलेली वेळ, बिघडवायचे. सोनीच्या पहिल्या सीडीपी-१०१ मध्ये तर दोन्ही चॅनेलना मिळून एकच कन्व्हर्टर होता, आळीपाळीने चालायचा, एक चॅनेल दुसऱ्यापेक्षा ११ मायक्रोसेकंद मागे. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरचा कन्व्हर्टर १४ बिटांचा होता, पण ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे ठिपक्यांचा वेग कित्येक पट वाढवून, त्यांनी कसर भरून काढली. शिवाय रेकॉर्ड कापायला म्हणून ट्रेबल आधीच वाढवलेल्या टेपा तशाच सीडीवर चढवल्याची प्रकरणंही झाली. तुमचे दात शिवशिवले याला कारणं होती, ती फक्त ठिपक्यांत नव्हती.

नवी_सुई

मंडळी, केलं. सविस्तर सांगतो कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

पहिल्या दिवशी काहीच जमलं नाही. डिजिटलच्या इनपुटवर घूंऽऽ अशी गुणगुण यायची, म्हणजे कुठलं कुठलं हे लगेच ओळखता यायचं. वायरी बदलल्या, जागा बदलल्या, शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला आणि गुणगुण गेली. मग मल्टिमीटर लावून पातळी जुळवली आणि मित्राला, त्याच तुकडेवाल्या मित्राला, इनपुट बदलायला बसवलं. मी पाठ करून बसलो, त्याने कागदावर आधीच क्रम लिहून ठेवला होता.

१६ पैकी माझे ९ बरोबर आले. मग आम्ही जागा बदलल्या, त्याचे ७ आले. ड्रम दोन्हीकडे तसाच, आवाजाभोवतीची जागा तशीच, खरखर आणि टिकटिक सुद्धा तंतोतंत तशीच, एका टिकटिकीवर तर तो म्हणाला ही नक्की सरळ रेकॉर्ड, आणि ती डिजिटल निघाली. जे मला आवडलं होतं ते सगळंच्या सगळं १६ बिटांतून जाऊन परत आलं. मित्र बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला परत एकदा करू. केलं, परत ८.

मग शून्य_डेसिबल म्हणाले ते मास्टरचं बघायचं ठरवलं. त्याच अल्बमची ऐंशीच्या दशकातली सीडी ओळखीच्या एकाकडून आणली, रीमास्टर व्हायच्या आधीची. कॉम्प्युटरवर उघडली तर लाटेचं चित्र एखाद्या कंगव्यासारखं, उंच टोकं आणि मधे भरपूर मोकळी जागा. स्ट्रीमिंगवर रीमास्टर आहे असं तिथेच लिहिलेलं असतं, मी कधी वाचलंच नव्हतं. त्याच रीमास्टरची सीडी पण त्यांच्याकडे होती, ती उघडली तर सलग भिंत, वरचं टोक सगळीकडे एका रेषेत कापलेलं. जुनी सीडी नुसती लावली तेव्हा हळू आणि मिळमिळीत वाटली, मग आवाज वाढवून रेकॉर्डच्या पातळीला आणली आणि ड्रम आला. तोच ठोका, तीच जागा. आणि शेवटच्या गाण्यातल्या झांजा पहिल्यांदाच पूर्ण ऐकल्या, शेवटपर्यंत विरत जाणाऱ्या.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. त्या शेवटच्या गाण्यात पियानोचा एक लांब सूर आहे, एकटाच, मागे काही नाही. सीडीवर तो सरळ उभा राहतो. रेकॉर्डवर तो डोलतो. अगदी थोडा, वर खाली वर खाली, आणि मला इतके महिने तो पियानोवाल्याचाच काहीतरी हळुवारपणा वाटत होता. घड्याळ लावून मोजलं, दहा डोलांना १८ सेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एक. लॅकर_आणि_लेथ, हे भोक मधोमध नसल्यामुळे का? तसं असेल तर काही करता येतं का?

लॅकर_आणि_लेथ

हो, भोकच. मोटरमुळे असतं तर बरोबर १.८ सेकंदांचं मोजमाप आलं नसतं. हिशोब कर, लेबलजवळ खाचेची त्रिज्या ६० मिलिमीटर आहे, भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल तर वेग ०.८ टक्के वर आणि तेवढाच खाली जातो. दोन शेजारच्या स्वरांत ६ टक्क्यांचं अंतर असतं, म्हणजे पियानो पाव स्वरापेक्षा जास्त हलला. टर्नटेबल कितीही भारी घेतलंस तरी हे जाणार नाही, कारण दोष तबकडीत आहे.

रेकॉर्ड फिरत असताना टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे, बघ, डोकं डावीउजवीकडे डोलताना दिसेल. मग लिफ्टने सुई वर करून प्लॅटर, म्हणजे फिरणारी थाळी, थांबव. भोक कानशीने अगदी किंचित मोठं करायचं, एकदम खूप नाही, धूळ झटकायची, आणि मग प्रत्येक वेळी लावताना बोटाने हलकं सरकवून आर्म स्थिर होईपर्यंत जागा शोधायची. दोन्ही बाजूंना वेगळी जागा येते, कारण दोन्ही बाजूंचे साचे वेगळे बसलेले असतात. लेबलवर पेन्सिलीने खूण करून ठेव.

नवी_सुई

बघितलं. आर्म डोलतोय, उघड्या डोळ्यांना स्पष्ट दिसतोय, आणि सूर ऐकत बघितलं तर दोन्ही बरोबर एकाच वेळी. कानशी आणलीये. पहिल्या बाजूला खूण झाली, दुसरीला उद्या सकाळी उजेडात बसतो.